महादेवाची वाट : जामच्या काठापासून चौरागडापर्यंत

बाहेरच्या माणसाला पांढुर्ण्याचे नाव एकाच गोष्टीसाठी माहीत असते, ती म्हणजे गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात. गणपती बसायच्या तीन-चार दिवस आधी वर्तमानपत्रांत आमच्या नदीचा फोटो छापून येतो, आणि मग वर्षभर तिची कोणी आठवण काढत नाही. पण याच नदीच्या काठावरून पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक गोष्ट चालत आलेली आहे. तिथे दगड फेकायचे नसतात, दगड तुडवायचे असतात. ती म्हणजे उत्तरेला मोठ्या महादेवाकडे जाणारी पायवाट. गणपतीच्या उत्सवात त्याच्या वडिलांच्या घरची वाट सांगितली तर ते अस्थानी होणार नाही, असे वाटल्यावरून हा लेख.

आमच्याकडे ‘महादेवाला जातो’ एवढेच म्हणतात. गावाचे नाव सांगावे लागत नाही. ऐकणाऱ्याला कळते की माणूस पचमढीला निघाला. सालबर्डीचा महादेव धाकटा आणि पचमढीचा मोठा, हे नाते लहान मुलालाही ठाऊक असते. सालबर्डी अमरावती आणि बैतूल जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. तिथल्या गुहेतून एक भुयार थेट पचमढीला निघते, अशी जुनी समजूत आहे. ज्याला मोठा पल्ला झेपत नाही त्याने सालबर्डी करावी, ज्याच्या पायांत बळ आहे त्याने मोठा महादेव गाठावा, अशी ही व्यवस्था.

नकाशावर पांढुर्ण्यावर बोट ठेवून सरळ उत्तरेला रेघ ओढली तर ती जवळजवळ पचमढीवरच जाते. हवाई अंतर शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर भरते. मोटारीने सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असे गेले तर तेच अंतर दोनशे किलोमीटरच्या वर जाते. आमची नोकरी राज्य शासनाची, आणि पदविका घेतल्यापासून आमचा संबंध रस्त्यांच्या मोजमापाशी. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवले की आम्हाला त्यांतला फरक दिसतो. रस्ता चाकांना सोपा पडेल असा वळसा घेतो. पायवाट पाणी, सावली आणि मुक्काम बघून चालते. आपल्या पूर्वजांनी जो महादेव जाणला तो या दुसऱ्या हिशेबाने.

पोहा निघतो

वर्षातून दोनदा ही वाट जागी होते. पहिल्यांदा महाशिवरात्रीला, माघ वद्य चतुर्दशीला. तेव्हा कापसाची वेचणी उरकत आलेली असते, तूर घरात आलेली असते, गहू-हरभरा काढणीला यायला थोडा अवकाश असतो. शेतकऱ्याला उसंत मिळण्याचे जे मोजके दिवस आहेत त्यांतले हे. दुसऱ्यांदा नागपंचमीला, भर श्रावणात. पहिली यात्रा चौरागडाची, दुसरी नागद्वाराची. पहिलीत ऊन तापू लागलेले असते, दुसरीत अंगावरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत.

महादेवाला एकट्याने कोणी जात नसे. गावातून जथा निघे, त्याला वऱ्हाड-नागपुराकडे ‘पोहा’ म्हणतात. पोह्यात पुढे जाणता माणूस, मागे तरणी पोरे, मध्ये बायका आणि म्हातारी माणसे. पायात वहाण न घालण्याचा नवस अनेकांचा असे. चालत जाण्याला आमच्याकडचा शब्द ‘पायदळ’. ‘आमी पायदळ गेलतो’ असे एखादा आजोबा आजही सांगतात, तेव्हा त्या शब्दात सैन्याच्या कूचासारखा ताठा असतो. वाटेवर अनोळखी माणसालाही ‘भगत’ म्हणून हाक मारायची, जात-गाव विचारायचे नाही, आणि ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणत पाय उचलायचा, ही रीत.

या यात्रेची खूण म्हणजे त्रिशूळ. मूल झाले, दुखणे बरे झाले, विहिरीला पाणी लागले, की बोललेला त्रिशूळ चौरागडावर वाहायचा. कोणाचा हातभर असतो, कोणाचा इतका वजनदार की चार-सहा जणांनी खांदे बदलत न्यावा. चौरागडावर अशा त्रिशुळांची अक्षरशः रास पडलेली आहे. सांगतात की चौराबाबा नावाच्या तपस्व्याला महादेवाने इथे दर्शन दिले आणि आपला त्रिशूळ मागे ठेवला. तेव्हापासून त्रिशूळ वाहण्याची प्रथा पडली. पंढरीच्या वारकऱ्याच्या खांद्यावर पताका, तर आमच्या भगताच्या खांद्यावर लोखंड. चालताना गाणी मात्र दोघांनाही लागतात. महादेवाच्या गाण्यांची परंपरा विदर्भात फार मोठी आहे, आणि त्यांतली कितीतरी याच चढणीवर जन्मली असणार. दम टिकवायला ठेका लागतो, ठेक्याला शब्द लागतात.

पायाखालची माती

ही वाट नुसती देवाची नाही, भूगोलाचाही मोठा धडा आहे. पांढुर्ण्याची जमीन काळ्या पाषाणाची, ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेली. म्हणूनच इथे कापूस आणि संत्रा. पूर्वेला सौंसरकडे आले की खडक बदलतो. सौंसरच्या जुन्या खडकांत मँगेनीज सापडते. भारताच्या भूगर्भशास्त्रात या खडकांच्या समूहाला ‘सौंसर’ हेच नाव आहे. आपल्या तहसिलीचे नाव जगभरच्या भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत आहे, ही गोष्ट आपल्याच घरांतून फार थोड्यांना माहीत असते.

सौंसरजवळ जामसावळीला निद्रिस्त हनुमानाचे देऊळ आहे. तिथून पुढे रामाकोन्याकडे कन्हान नदी ओलांडायची आणि मग सातपुड्याची पहिली खरी चढण लागते. आज मोटारी सिल्लेवानीच्या घाटाने वर जातात. घाट चढून गेले की छिंदवाड्याचे पठार. हवा बदलते, रात्री घोंगडे लागते. पठारावरून उत्तर-पश्चिमेला परासिया आणि जुन्नारदेव. जुन्नारदेवचे जुने नाव जामई. इथे खडक पुन्हा बदलतो, आणि जमिनीखाली कोळसा निघतो. पेंच-कन्हानच्या खोऱ्यातल्या कोळशाच्या खाणी त्या याच. त्याही पुढे पचमढीचा तांबूस वालुकाश्म सुरू होतो, हाताने घासला तर वाळू झडावी असा. झाडेसुद्धा खडकाप्रमाणे बदलतात. काळ्या पाषाणावर साग, वालुकाश्मावर साल. साग आणि साल दोन्ही जिथे भेटतात अशा जागा देशात फार नाहीत, आणि त्यांतली एक या वाटेवर आहे.

पण सगळ्यांत मोठा बदल पाण्याचा. जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी शेवटी गोदावरीतून पूर्व समुद्राला जाते. जुन्नारदेवच्या पलीकडचा डोंगर ओलांडला की ओढे उलट दिशेला वाहू लागतात. ते देनवेला मिळतात, देनवा तव्याला, तवा नर्मदेला, आणि नर्मदा पश्चिम समुद्राला. म्हणजे आमचा भगत गोदावरीच्या पाण्यात सकाळची आंघोळ करून निघे आणि काही मुक्कामांनी नर्मदेच्या पाण्यात उतरे. स्नानाच्या संकल्पात आपण दोन्ही नद्यांची नावे एका दमात घेतो. त्या दोघींच्या मधला डोंगर पायांनी ओलांडणारे मात्र फार थोडे.

भुराभगत ते चौरागड

जुन्नारदेवजवळच्या विशाला गावी ‘पहिली पायरी’ आहे. महादेवाच्या डोंगराची चढण इथून सुरू होते अशी श्रद्धा, म्हणून ते नाव. खरे म्हणजे डोंगर तिथून बराच दूर आहे. पण पहिली पायरी दारात असली की शेवटची गाठण्याचे धैर्य येते, हे ज्याने कोणी ठरवले त्याला माणसाचे मन चांगले कळलेले असणार.

तिथून पुढे देनवेच्या खोऱ्यात भुराभगत. हे गावाचे नाव आणि देवाच्या भक्ताचेही. लोककथा अशी की भुरा हा महादेवाचा निस्सीम भक्त. भस्मासुराच्या भयाने महादेव या डोंगरांत लपले, तेव्हा त्यांच्याकडे जाण्याची वाट ज्याला ठाऊक होती तो हा. म्हणून तो दारावरचा राखणदार झाला. त्याला नमस्कार केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असे मानतात. कतिया समाज त्याला आपला संत मानतो. भुराभगतपासून चौरागडापर्यंतचा टप्पा हाच या वाटेचा गाभा. पचमढीकडून येणारे यात्रेकरू महादेवाच्या गुहेपर्यंत गाडीने येतात आणि मग तेराशेच्या आसपास पायऱ्या चढतात. आमच्या बाजूने येणारे मात्र जंगलातून, डोंगराच्या पाठीवरून वर येतात.

आम्ही हा टप्पा शिवरात्रीच्या दिवसांत चाललेलो आहोत. खाली मोह आणि तेंदू, ओढ्याच्या कडेला जांभूळ. सुरुवातीची वाट सपाट आणि धुळीची असते. हजारो पायांनी ती इतकी बारीक झालेली असते की पाऊल पडले की भाताच्या तुसात पडल्यासारखे वाटते. मग दगड सुरू होतात. चढ एकदम अंगावर येत नाही. एक टेकाड, थोडा उतार, पुन्हा त्याहून मोठे टेकाड. नवा माणूस प्रत्येक टेकाडाला ‘हाच का चौरागड?’ असे विचारतो आणि जुना माणूस प्रत्येक वेळी ‘हाच’ म्हणतो. त्या उत्तराला कोणी खोटे समजत नाही. शेवटी झाडी उघडी होते आणि तेराशे मीटरांहून उंच असलेला तो माथा समोर येतो. त्याच्या खांद्यावरून माणसांची रांग मुंग्यांसारखी सरकताना दिसते. त्या रांगेत लुगडे आणि धोतर, सलवार आणि जीन पँट, गोंडी आणि मराठी, बुंदेली आणि कोरकू, सगळे एका ठेक्यात असते. वर पोचल्यावर वारा असा असतो की त्रिशुळांच्या राशीतून बारीक आवाज येत राहतो.

नागद्वाराची वाट याहून वेगळी. पचमढीहून धूपगडाच्या रस्त्यावर नागफणीपाशी डांबर सोडायचे आणि काजरीमार्गे पद्मशेषाच्या गुहेकडे उतरायचे. पाऊस, धुके, निसरडे दगड, अवघड जागी लावलेल्या लोखंडी शिड्या. काजरीची कथा आपल्याकडच्या बायका अजून सांगतात. काजरी नावाच्या बाईने मूल व्हावे म्हणून नागदेवाला काजळ घालण्याचा नवस केला. नवस फेडायला गेली तेव्हा देवाचे विराट रूप पाहून तिचे प्राण गेले. नवस फेडायला गेलेली बाई परत येत नाही, अशी ही कथा. तरी तिच्याच नावाच्या गावातून दर वर्षी लाखभर पायांनी जायचे. आपल्या लोकांनी भय लपवले नाही, त्याला वाटेवरचा एक मुक्काम करून टाकले.

वाट आधी कोणाची?

महादेव आपला म्हणताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपण या वाटेवरचे पाहुणे आहोत. यजमान गोंड आणि कोरकू. पचमढीचे कोरकू ठाकूर हे महादेवाच्या स्थानाचे वंशपरंपरागत राखणदार मानले जात. गोंडांच्या लिंगोच्या कथेत महादेवाने गोंडांना गुहेत कोंडले आणि लिंगोने त्यांना सोडवले. ती गुहा अनेक जण पचमढीच्या डोंगराशी जोडतात. नागपूरला राहणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ही कथा टिपून ठेवली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी ती प्रसिद्ध केली. एकाच डोंगराकडे एक समाज नवस फेडायला जातो, आणि दुसऱ्याच्या आठवणीत तोच आपल्या पूर्वजांच्या कोंडवाड्याचा डोंगर आहे. दोघेही त्याला महादेवाचाच म्हणतात.

कॅप्टन फोर्साइथ १८६२च्या सुरुवातीला पचमढीला आला. त्याचे मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरचे पुस्तक १८७१ साली निघाले. महादेवाच्या जत्रेची गर्दी आणि तिच्या पाठोपाठ येणारी पटकी, दोन्हींचे वर्णन त्यात आहे. पटकीची साथ पोह्याबरोबर गावोगाव परत येत असे. महादेवाला निघालेल्या माणसाला घरचे लोक गावच्या शिवेपर्यंत रडत पोचवायला का जात, याचा उलगडा अशा वर्णनांतून होतो. ती निव्वळ भावुकता नव्हती. निघालेल्यांपैकी सगळेच परत येतील असे नसे.

राजकारणानेही हीच दिशा धरली. देवगडचे गोंड राज्य छिंदवाड्याच्या डोंगरात उभे राहिले. तिथल्या बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसवले आणि बाहेरून शेतकरी, कारागीर आणून जमीन लागवडीखाली आणली. डोंगरातला राजा मैदानात उतरला, आणि पुढे त्याच नागपूरचे भोसले डोंगरापर्यंत पोचले. १८१७च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई हरल्यावर आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी पुढच्या वर्षी कैद केले. अलाहाबादकडे नेत असताना मे १८१८ मध्ये ते पहाऱ्यातून निसटले आणि थेट महादेवाच्या डोंगरात शिरले. हर्रईचा गोंड जमीनदार चैनशाह याने त्यांना आसरा दिला. १८१९च्या आरंभी ते तिथून अशीरगडाकडे निघून जाईपर्यंत इंग्रजी फौजा या दऱ्यांतून त्यांना शोधत होत्या. नागपूरच्या गादीवर बसलेल्या माणसाला संकटात आठवला तो हाच डोंगर.

चाळीस वर्षांनी हीच दिशा उलटी चालली गेली. १८५८च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेला उतरले आणि सातपुडा पार करून मुलताईला आले. मुलताई म्हणजे पांढुर्ण्याच्या शेजारची, तापीच्या उगमाची जागा. डोंगरात हर्राकोटचे ठाकूर भभूतसिंह यांनी इंग्रजांशी झुंज चालू ठेवली. पुढे ते पकडले गेले आणि त्यांना जबलपूरला देहदंड झाला. एक मराठा राजा उत्तरेकडे निसटताना, एक मराठी सेनानी दक्षिणेकडे येताना, दोघांनाही आधार झाला तो गोंड-कोरकूंच्या या मुलखाचाच. भगतांच्या पोह्यांनी मळलेल्या अशा वाटा सातपुड्यात नसत्या तर हे येणे-जाणे इतके सोपे झाले नसते, असे आम्हाला वाटते.

चाके आली, रेघ आली

१८६१ साली मध्य प्रांत झाला, आणि पांढुर्णा, सौंसर, छिंदवाडा, पचमढी सगळे नागपूरच्या कारभाराखाली आले. उन्हाळा लागला की नागपूरचे सरकार दप्तरांसह पचमढीला जाई. साहेब थंड हवेसाठी जात, भगत नवसासाठी. १९१३ साली नागपूर-छिंदवाडा छोटी गाडी सुरू झाली, आणि सावनेर, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत ती घाट चढू लागली. १९२०च्या दशकात नागपूर-इटारसी मोठा मार्ग पुरा झाला आणि पांढुर्णा त्यावरचे स्टेशन झाले. आमल्याहून जुन्नारदेव-परासियाकडे जाणारी गाडी कोळशासाठी टाकलेली. तीच पुढे ‘पहिल्या पायरी’च्या भगतांच्याही सोयीची ठरली. म्हणजे पायदळाचा पल्ला तुटत गेला. आधी गावापासून चालणारे मग जुन्नारदेवपासून चालू लागले, आणि मोटारी आल्यावर भुराभगतपासून किंवा पायऱ्यांपासून. छोट्या गाडीने शंभर वर्षे ओलांडली आणि १ डिसेंबर २०१५ पासून ती बंद झाली. तिच्या जागी आता रुंद रूळ आहेत.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी गेली, आणि सौंसर-पांढुर्ण्याचा मराठीबहुल भाग छिंदवाडा जिल्ह्यासह नव्या मध्य प्रदेशात राहिला. आपल्या घरांत या तारखेवर जेवढे बोलणे झाले तेवढे दुसऱ्या कशावरही झाले नसेल. शाळेत मराठी किती वर्ग राहणार, सातबारा कोणत्या भाषेत मिळणार, मुलींची लग्ने काटोल-नरखेडला केली तर जातीचा दाखला कोणत्या राज्याचा धरणार, हे प्रश्न खरे होते आणि त्यांतले काही आजही आहेत. आपण सरकारी कचेरीत हिंदीत अर्ज लिहितो आणि घरी येऊन मराठीत भांडतो. आमचे तर पोटच त्या हिंदी अर्जांवर आहे, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही.

पण या सगळ्या बोलण्यातून आपल्याला एक सवय लागली. आपण स्वतःला ‘राहून गेलेले’ म्हणू लागलो. महाराष्ट्राच्या कडेला राहिलेले, मध्य प्रदेशाच्या टोकाला पडलेले. या वाटेचा इतिहास पाहिला की आम्हाला वाटते, हे वर्णन बदलले पाहिजे. १९५६ची रेघ ओढली गेली तेव्हा आपण त्या रेघेच्या काठावर आलो. पण महादेवाच्या वाटेवर आपण काठावर कधीच नव्हतो. खालून नागपूर, काटोल, वरुड, मोर्शीकडून येणारा भगत आणि वरून डोंगरातला गोंड-कोरकू, या दोघांच्या मधल्या मुक्कामाचे आपण लोक. आपल्या ओट्यावर रात्र काढून माणसे पुढे गेली. आपल्या विहिरीचे पाणी पिऊन ती परतली. आपली बोली अर्धी वऱ्हाडी आणि अर्धी हिंदी का आहे, आपल्या जेवणात झुणका-भाकर आणि दालबाटी एकाच पंगतीत का बसते, आपल्याकडे गोंडी शब्द इतके सहज का येतात, याची उत्तरे या मुक्कामांत आहेत. जिथे वाट थांबते तिथे भाषा मिसळते.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालये मिळतील, नवे फलक लागतील, आणि जिल्ह्याची माहिती सांगणारी पुस्तिकाही कधीतरी निघेल. तिच्यात संत्रा असेल, कापूस असेल, गोटमार असेल, जामसावळी असेल. महादेवाची वाट असावी असे आम्हाला वाटते.

उरलेले काम

आजची परिस्थिती अशी. पचमढीचा परिसर आता सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतो आणि जीवमंडळ राखीव क्षेत्रातही. नागद्वाराची वाट वर्षातून नागपंचमीच्या आसपासचे दहा-बारा दिवसच उघडते. एरवी ती जंगलाची. आम्हाला हे योग्य वाटते. पोह्याने जंगल वापरले, पण ते कधी आपल्या नावावर केले नाही. तेव्हा वर्षातले बाकीचे दिवस वाघाला आणि गव्याला मिळाले तर महादेवाची हरकत असणार नाही. हरकत असेल तर ती प्लास्टिकच्या पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्या ओढ्यात टाकण्याला. यात्रेत विदर्भातली अनेक मंडळे फुकट जेवणाची भंडारे चालवतात, हे मोठे पुण्याचे काम आहे. पण पूर्वीच्या पोह्याने मागे फक्त चुलीची राख ठेवली, आणि त्या राखेतून पुढच्या पावसात गवत आले. आज मागे राहणाऱ्या वस्तूंतून गवत येत नाही.

वाट बंद पडण्याची आम्हाला भीती नाही. चौरागडाची गर्दी कमी होण्याचे चिन्ह नाही, नागद्वाराची तर वाढतेच आहे. हरवते आहे ती मधली वाट. पांढुर्णा ते भुराभगत यांच्या मधले मुक्काम. कोणत्या गावी कोणत्या झाडाखाली पोहा उतरे, कोणत्या विहिरीचे पाणी गोड, कोणत्या ओढ्यावर दगड ठेवून नवस बोलत, कोणता पाटील पोह्याला ज्वारी देई, कोणत्या वळणावर कोणते गाणे सुरू करत. ही नावे महसुली नकाशांत नाहीत. ती आहेत सत्तरी-ऐंशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी, आणि दर वर्षी ती थोडी थोडी कमी होत आहेत. मोटारीने दोनशे किलोमीटर जाणाऱ्याला या नावांची गरज पडत नाही, म्हणून कोणी विचारत नाही, आणि कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. या गणपतीत दहा दिवस घरे माणसांनी भरलेली असतील. नागपूरहून, पुण्याहून मुले-सुना आलेल्या असतील. आरती झाल्यावर घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांजवळ बसून पाच गोष्टी विचाराव्या. महादेवाला पहिल्यांदा केव्हा गेलात? बरोबर कोण होते? रात्रीचे मुक्काम कुठे कुठे पडले? वाटेत काय खाल्ले? कोणते गाणे म्हटले? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावीत. ‘गेलतो’चे ‘गेलो होतो’ करू नये. फोनवर आवाज भरून ठेवता आला तर फारच उत्तम. ते कागद मंडळाकडे द्यावेत. आम्ही ते एकत्र करून मुक्कामांची नावे नकाशावर बसवू. मोजमाप हा आमचा रोजचा धंदा आहे, त्याचा एवढा तरी उपयोग मंडळाला व्हावा. पंधरा-वीस घरांतून जरी उत्तरे आली तरी जामच्या काठापासून देनवेच्या काठापर्यंत ठिपके जुळायला लागतील, आणि पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत तो नकाशा छापता येईल.

तोवर सर्वांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा. हर बोला हर हर महादेव.